१७.२ किलोहर्ट्झ ऐकायचंय: स्वीडनचं चक्र, तिरुनेलवेलीचा भोंगा आणि आमच्या देवघरातली समई

खरखरे (पुणे)

हॅम रेडिओवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण ते सगळे बोलणाऱ्यांचे. हा नुसतं ऐकणाऱ्यांसाठी आहे. तेही शॉर्टवेव्हवर नाही, मीडियमवेव्हच्याही पार खाली. तिथे एकेक लाट साडेसतरा किलोमीटरच्या आसपास लांब असते. स्वारगेटला तिचं एक टोक धरलं तर दुसरं खडकवासला धरणाच्याही पलीकडे जाईल. असली लाट पकडायला मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक मीटरची चौकट टांगून बसतो. बायको चार वर्षं हसते आहे.

पकडायचंय ते एसएक्यू. स्वीडनमधल्या ग्रिमेटन गावाचं केंद्र. १९२५ साली राजा पाचवा गुस्ताव याने उद्घाटन केलं, आणि यंत्र अजून फिरतं. लहरी तयार करायला त्यात ट्रान्झिस्टर सोडाच, व्हॉल्व्हसुद्धा नाही. अलेक्झांडरसन नावाच्या अभियंत्याने काढलेला हा जनित्राचा प्रकार. एक पोलादी चकती, तिच्या कडेला ४८८ खाचा, आणि ती मिनिटाला २११५ फेरे घेते. आता वही काढा: २११५ भागिले ६०, गुणिले ४८८. उत्तर येतं १७,२०२. झालं, १७.२ किलोहर्ट्झ! पिठाच्या गिरणीसारखं यंत्र फिरवायचं आणि जे निघेल ते १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर चढवून अमेरिकेला पाठवायचं. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला त्या रात्री झोप लागली नव्हती. खोटं नाही सांगत.

२००४पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. वर्षात ठरलेले मोठे दिवस दोन: २ जुलैच्या जवळपासचा रविवार आणि २४ डिसेंबरची सकाळ. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार, दीडच्या सुमारास. तारखा काढताना सह्याद्रीचा विचार कुणी केलेला दिसत नाही, कारण जुलैत आपल्याकडे विजांची इतकी कडकड असते की हेडफोन कानाला लावणं म्हणजे लाह्या फुटताना कढईत डोकं घालणं. म्हणून आपला दिवस डिसेंबरचा.

सामान फार नाही. पीव्हीसी पाइपची चौकट, तिच्यावर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या तारेचे ४० वेढे, तपकीर गल्लीतून आणलेला छोटा प्रीअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा), आणि लॅपटॉपला साउंड कार्ड. कार्ड ९६ किलोहर्ट्झने सॅम्पल करतं, त्यामुळे ४८पर्यंतचं सगळं पडद्यावर दिसतं. रेडिओ असा नाहीच. आवाजाचंच कार्ड, फक्त त्याला माइकऐवजी तार जोडलेली.

चार डिसेंबर झाले. एसएक्यू एकदाही मिळालेलं नाही. का नाही, ते खाली लिहितो, आता जेवायला बोलावणं आलंय.

शंकेखोर (ठाणे)

दोन प्रश्न. इंटरनेटवर सगळं ऐकू येतं म्हणतात, मग हा उपद्व्याप कशाला? आणि हे कायदेशीर आहे का?

गुहागरी

वाचतेय. शंकेखोर, तुम्ही ट्रेकला जाता तेव्हा पायथ्याला गडाचा फोटो विकत मिळतो की. 🙂

खरखरे

गुहागरीताई, __/\__

तर का मिळत नाही. पहिलं कारण तिरुनेलवेलीजवळचं विजयनारायणम. तिथे १९९०पासून नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन आहे, पाणबुड्यांशी बोलायला. नेहमीच्या रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या शिरल्या मरतात. एवढ्या खालच्या लहरी मात्र दहा-वीस मीटरपर्यंत पोचतात. त्याची फ्रिक्वेन्सी १८.२ किलोहर्ट्झ. म्हणजे मला हवी असलेली कुजबुज १७.२ वर, साडेसहा हजार किलोमीटरांवरून, आणि तिच्यापासून एकच किलोहर्ट्झ दूर, बाराशे किलोमीटरांवरून हा भोंगा. शेजारी बँड वाजतोय आणि तुम्ही पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा श्वास ऐकताय. त्याच्या वर १९.८ वर ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथचं केंद्र, दहा लाख वॉटचं. ते तर सकाळी चहा करताना चौकट कपाटामागे असली तरी दिसतं.

पण भोंगे सज्जन आहेत, आपल्या जागी बसून वाजतात. खरा शत्रू घरात आहे.

पहिल्या वर्षी पडद्यावर सगळं पिवळंधमक होतं (जोर जास्त तिथे पिवळा रंग). खालपासून वरपर्यंत घरच्या विजेच्या पन्नास हर्ट्झच्या पटीतल्या रेघा, आणि त्यांच्यावर अंगावर केस उभे राहावेत तसं काहीतरी सरकणारं. मग मी रविवारी एकेक एमसीबी पाडत गेलो. फ्रिज? थोडा फरक. ट्यूबलाइट? बराच. वायफायचा अडॅप्टर? लाज वाटेल इतका. तरी मुख्य पिवळेपणा जाईना. शेवटी बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ मीडियमवेव्हच्या तळाला लावून घरभर फिरलो, सापाचा माग काढावा तसा. भिंतीभिंतीने गेलो आणि देवघरासमोर तो किंचाळला. आईने दिवाळीत आणलेली एलईडीची समई. ज्योत हलते, खरी वाटते, दीडशे रुपयांची. तिच्या अडॅप्टरमध्ये खर्च वाचवायला गाळणीचे सुटे भाग घातलेलेच नव्हते. रस्त्यापलीकडे पोचेल एवढी घाण ती हवेत सोडत होती.

आईला म्हटलं, तेलाची समई लावू या. ती म्हणाली, "हे मी तीन वर्षं म्हणत होते, तेव्हा तूच तेलकटपणा होतो म्हणालास." निकाल लागला.

राहिली सोसायटीची लिफ्ट. तिच्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह चालू झाला की पडदा पांढरा. लिफ्टचं मी काहीही करू शकत नाही. सभेत विषय काढला होता. पुढचं लिहीत नाही.

कायद्याबद्दल: प्रक्षेपणाला परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. मी पाठवत काहीच नाही. नौदलाचा संदेश सांकेतिक असतो, तो उकलण्याशी माझा संबंध नाही आणि इथे कुणी तसं विचारलं तर उत्तर देणार नाही. मी फक्त त्या लहरीचा जोर बघतो. आयनोस्फिअरवर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) काम करणारे शास्त्रज्ञही हेच करतात आणि शोधनिबंध छापतात.

वर्गावरचा_भूत (सांगली)

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. आमचा कल उलटा. तुम्हाला भोंगा नको, आम्हाला फक्त भोंगाच हवा.

या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर यांच्या फटीतून घरंगळत येतात. दिवसा फटीचं छत ७० किलोमीटरच्या आसपास, रात्री ८५-९०. सूर्यावर ज्वाळा उसळली की क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, छत क्षणात बदलतं आणि १८.२चा जोर उडी मारतो. म्हणजे तारेचे वेढे आणि लॅपटॉप यावर सौरज्वाळा दिसते. ढगाळ हवेतसुद्धा.

१० मे २०२४. शुक्रवार, अक्षय तृतीया, कॉलेज बंद. घरी आमरस. मी संगणक चालू ठेवून आलो होतो. चार वाजता जाऊन बघतो तर दुपारी साडेबाराच्या जरा आधी आलेख सरळ भिंतीसारखा चढलेला आणि मग तासभर सावकाश उतरलेला. एक्स ३.९ दर्जाची ज्वाळा, १२ वाजून २४ मिनिटांनी शिगेला. त्या रात्री लडाखमध्ये हानलेहून लालसर आकाशाचे फोटो आले, ते सगळ्यांनी पाहिले. (रात्रीचं ते आकाश या ज्वाळेमुळे नव्हे, आधीच्या दिवसांत सूर्याने फेकलेले ढग त्या रात्री पृथ्वीवर आदळले म्हणून. विद्यार्थी हमखास गल्लत करतात.) पण दुपारची उडी आमच्या दोन विद्यार्थिनींनी स्वतः गुंडाळलेल्या लूपवर (तारेच्या चौकटीवर) मिळाली. त्यातल्या एकीने आलेखाची प्रिंट काढून होस्टेलच्या भिंतीवर लावली आहे.

अवांतर: घरातल्या विजेच्या त्रासाला इतिहास आहे. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करत होती. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर तिचे प्रवाह नोंदी बिघडवणार हे उघड होतं. म्हणून सारं काम अलिबागला हलवलं. १९०४पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, १९०६पर्यंत दोन्हीकडे जोडीने घेतल्या, म्हणजे मालिका तुटू नये. ट्राम आली १९०७ला. लिफ्टपुढे तुम्ही हरलात तर वाईट वाटून घेऊ नका, सरकारी वेधशाळासुद्धा ट्रामपुढे बोटीत बसून निघून गेली.

खरखरे

सर, हे अलिबागचं कपाळावर लिहून ठेवतो. सोसायटीच्या पुढच्या सभेत वापरणार.

मायनच्या_काठी (जर्मनी)

माझा रेडिओशी काही संबंध नाही, पण धागा वाचताना स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलं. आम्ही फ्रँकफुर्टजवळ राहतो. माइनफ्लिंगनचे मनोरे इथून थोड्याच अंतरावर आहेत, महामार्गावरून जाताना दिसतात. तिथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळ प्रसारित होते, डीसीएफ७७. घड्याळ बॅटरी बदलल्यावर स्वतःच काटे गरागरा फिरवतं आणि बरोबर वेळेवर थांबतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं घड्याळाला झपाटलं.

नवऱ्याने मग समजावून सांगितलं: दर सेकंदाला लहरीचा जोर थोडा वेळ खाली पडतो. एक दशांश सेकंद पडला तर शून्य, दोन दशांश पडला तर एक. असे आकडे जुळवून मिनिटभरात तारीख-वेळ तयार. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र जोर पडतच नाही, ती खूण. म्हणजे गप्प न बसण्यातून कळतं की मिनिट संपलं! मला हे फार आवडलं.

पुण्यात हे घड्याळ चालेल का? भावाला भेट द्यायचा विचार होता.

खरखरे

देऊ नका. साधं घड्याळ म्हणून चालेल, पण रोज रात्री सिग्नल शोधून बॅटरी खाईल. त्यापेक्षा चॉकलेट आणा.

जुना_स्पार्क्स (डोंबिवली)

नातवाने हा धागा दाखवला. मी १९७९ साली रेडिओ ऑफिसर म्हणून पहिल्या जहाजावर चढलो. तुम्ही ज्याला खालचे पट्टे म्हणता त्यावर आमचं पोट होतं. ५०० किलोहर्ट्झ.

रेडिओ रूममध्ये एक घड्याळ असायचं, त्यावर लाल रंगाच्या दोन फाका. प्रत्येक तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं. त्या तीन मिनिटांत ५०० वर जगातल्या कुठल्याही जहाजावर मोर्सच्या किल्लीला हात लावायचा नाही. फक्त ऐकायचं. कुणी बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज यावा म्हणून. अरबी समुद्रात रात्री एरवी या पट्ट्यावर मासळी बाजार असायचा, मुंबई रेडिओ म्हणजे व्हीडब्ल्यूबी, कराची, आखातातली केंद्रं, शंभर जहाजं. काटा लाल फाकेत शिरला की सगळे एकदम थांबायचे. उरायची ती फक्त दूरच्या विजांची खरखर. तुमचं टोपणनाव वाचून तेच आठवलं.

मी झोपलेला असलो तर ऑटो अलार्म. चार-चार सेकंदांचे लांब सूर, मध्ये एकेक सेकंदाची फट, असे बारा. यंत्राने ते ओळखले की माझ्या केबिनमध्ये घंटा. पावसाळ्यात खरखर आणि सूर यांची सरमिसळ होऊन खोटी घंटाही व्हायची. पहाटे तीनला पायजम्यात धावत जायचं, हेडफोन लावायचा, काही नाही. शिव्या घालत परत. एकदाच खरी निघाली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

१ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहवाली पद्धत पूर्ण लागू झाली, आमची जातच संपली. नंतर त्याच पट्ट्याच्या खालचा तुकडा, ४७२ ते ४७९, हौशी लोकांसाठी जागतिक पातळीवर मोकळा झाला असं वाचलं. बरं वाटलं. रिकामं घर पडून राहण्यापेक्षा कुणी राहिलेलं चांगलं.

गुहागरी

काका, "एकदाच खरी निघाली" म्हणून निघून जायचं नसतं. वेगळा धागा काढा. आम्ही थांबलोय.

खरखरे

काका, नमस्कार. तुमच्या त्या तीन मिनिटांसारखं मला एकदाच मिळालं, तेही चुकून. ऑक्टोबरात परतीच्या पावसाने रात्री पावणेनऊला आख्ख्या भागाची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता. पडद्याचा पिवळा रंग वरून खाली असा सरकून गेला, पडदा ओढावा तसा, आणि मागे काळंभोर. लिफ्ट नाही, अडॅप्टर नाहीत, रस्त्यावरचे दिवे नाहीत. हेडफोन लावला. आधी नेहमीची कडकड. मग तिच्या आत वेगळंच काही: ट्युंग... ट्यु-ट्युंग... एखाद्या ताणलेल्या तारेवर खडा मारावा तसं. हे ट्वीक. शेकडो-हजारो किलोमीटर दूर वीज चमकते, तिची रेडिओ लहर त्या जमीन-आकाशाच्या फटीत आपटत येते आणि १.७ किलोहर्ट्झच्या आसपासचे सूर मागे रेंगाळतात, म्हणून ट्युंग. रात्रीच येतात. सरांनी सांगितलेल्या छताची उंची यातूनच निघते: प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट उंची. ८८ किलोमीटर धरा, १७०० हर्ट्झ येतात.

गॅलरीत आई मेणबत्ती घेऊन आली. तिला एक कान दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पावसाच्या आधी बेडूक असे बोलतात आमच्याकडे." चाळीस मिनिटांनी वीज आली, समोरच्या बिल्डिंगमधून पोरांचा जल्लोष झाला. पडदा परत पिवळा.

शंकेखोर

बरं. हे नेटवर ऐकून कळलं नसतं, मान्य.

खरखरे (२६ डिसेंबर)

धागा वर काढतोय. वृत्तांत.

यंदा लिफ्टशी भांडायचं नाही ठरवलं. पुरंदर तालुक्यात मित्राचं शेत आहे, तिथे २३ला रात्रीच गेलो. बांधावर बाभळीला चौकट टांगली, कड वायव्येला. लूपची गंमत अशी की ती एका रेषेत, पुढे आणि मागे दोन्हीकडे, बहिरी असते. चौकट हळूहळू फिरवून तिरुनेलवेलीचा भोंगा त्या बहिऱ्या कोनात टाकला, तर तो निम्म्याहून खूप खाली गेला. सुदैवाने तो आग्नेयेच्या बाजूला आणि स्वीडन वायव्येला. दुर्दैवाने हे दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत येतात, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. एक बहिरं केलं की दुसरंही जवळजवळ बहिरं. शेवटी मधला कोन साधला.

एक वाजता १७.२ वर बारीक रेघ दिसली. यंत्र तापवायला ते अर्धा तास आधी चालू करतात, त्यामुळे वेळही जुळत होती. माझे हात गार पडले. मित्राला हाक मारली. दोघं पडद्याकडे बघत बसलो. रेघ एकदम स्थिर, सुरेख. फार सुरेख. मोर्सची रेघ तुटक असायला हवी, ही सलग. मी शेताकडे बघितलं. शेजारच्या तुकड्यात सौर पंप. त्याचा कंट्रोलर. ढग आला तसा पंप मंदावला आणि माझं स्वीडन १७.१ वर घसरलं.

शेजाऱ्याला विनंती करायला मित्र पळत गेला. तो कांद्याला पाणी देत होता. म्हणाला, कशासाठी बंद करू? मित्र म्हणाला, स्वीडनसाठी. त्याने पंप बंद केला नाही. मीही केला नसता.

दीड ते दोन, काही नाही.

जुना_स्पार्क्स

मी त्याच वेळी नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या ऑनलाइन रिसीव्हरवर बसलो होतो, नातवाने लावून दिलं. कष्टाचं नाही ते, मान्य. पण आवाज आला. व्हीव्हीव्ही व्हीव्हीव्ही डीई एसएक्यू (डीई म्हणजे 'कडून'). कागद-पेन्सिल घेऊन पूर्ण संदेश उतरवला, दोन अक्षरं चुकली. हाताची सवय जात नाही.

सांगायचं ते वेगळंच. सूर सरळ नसतो. किल्ली दाबली की भार येऊन चकती क्षणभर दमते, आणि स्वर किंचित खाली बसतो. यंत्र नव्हे, माणूस जिना चढतोय असं वाटतं. हे मला कुठल्या जहाजावर ऐकायला मिळालं नव्हतं.

खरखरे

काका, तो कागद जपून ठेवा. फोटो टाका इथे.

बाकी मंडळी, पुढच्या डिसेंबरसाठी जागा हवी आहे. अट एकच: पाच किलोमीटरात सौर पंप, लिफ्ट आणि एलईडी समई नको.

गुहागरी

आमच्या वाडीत या. पंप नाही, लिफ्ट नाही, आणि २४ तारखेला दुपारी वीज असेल याची खात्री वायरमनसुद्धा देणार नाही. देवळात तेलाचीच समई आहे. फक्त चौकट माकडांना दिसू देऊ नका.